अर्ध्या घरट्यांचे झाड

मुलांनो, एका जंगलाच्या कडेला, डोहाकाठी, एक तरुण सुगरण पक्षी राहत असे. या पक्ष्यांची एक रीत आहे. नर आधी टोपीएवढे अर्धेच घरटे विणतो. मादी त्यात बसून बघते. तिला पसंत पडले, की मग तो खालची लांब नळी विणून घरटे पुरे करतो.

या पक्ष्याच्या मनात मात्र साप बसला होता. मागच्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाने दिसली ती पहिलीच बोरीची जाड फांदी धरली आणि घाईने सगळे घरटे विणून टाकले. त्याच फांदीवरून साप सावकाश सरपटत आला. भावाची पिल्ले ओरडत होती, ती एकाएकी गप्प झाली. ते गप्प होणे याच्या कानातून जात नव्हते. म्हणून याने बोरीवर एक टोपी विणली, शिंदीवर एक, डोहावर झुकलेल्या बाभळीवर एक. पान सळसळले तरी तो काम टाकून दुसऱ्या झाडावर पळे.

एक मादी आली. मान वाकडी करून तिने सगळीकडे पाहिले. "टोप्यांचा बाजार मांडलाय का रे?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "माझे दिवस भरत आलेत. टोपीत अंडी राहतील का? गवताची पात हिरवी आहे तोवर एक घर पुरं कर. नाहीतर मला जावं लागेल."

तो गवताकडे गेला. पातीची टोके पिवळी पडली होती. गाठ मारायला गेला तर पात मधेच तुटली. तो थेट डोहाकाठच्या एका म्हाताऱ्या सुगरण पक्ष्याकडे गेला आणि त्याला सगळे सांगितले.

म्हातारा रागावला नाही. "टोप्या विणल्यास ते बरंच केलंस, बाळा. तुझ्या भावाने तेवढंही केलं नाही. पण साप आला असं नुसतं वाटलं तरी तू पळतोस. तो कुठवर पोचतो, हे कधी थांबून बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी तो लव्हाळ्यात जीव मुठीत धरून बसला. साप आला. बोरीच्या टोपीत त्याने सरळ तोंड घातले. शिंदीच्या खोडावरून तो वर चढला आणि तिथलीही टोपी हुंगली. बाभळीची बारीक फांदी मात्र त्याच्या वजनाने पाण्याकडे वाकली. साप थबकला, जीभ लवलवली आणि तो मागे सरला.

पक्ष्याने मग दुसऱ्या झाडाकडे पाहिले नाही. डोहाच्या ओलीला उरलेली हिरवी पात आणून तो बाभळीवर विणत राहिला. पान सळसळले की तो दचके, पण चोच थांबली नाही. हिरवी पात संपता संपता नळी पुरी झाली आणि मादी आत गेली.

मादीने अंडी घातल्यावर साप पुन्हा आला. या वेळी भूक मोठी होती. तो थांबला नाही. फांदी वाकली. पक्षी घरट्याला चिकटून राहिला. सापाने नळीकडे तोंड नेले, पण त्याला धरायला काही मिळेना. तो घसरला आणि डोहात पडला. आत अंडी जशीच्या तशी होती.

"भीती गेली का रे?" म्हाताऱ्याने विचारले.

"नाही, आजोबा. पण घर पुरं झालं."

तात्पर्य : आयटीच्या कामात नवे असताना चार फांद्यांवर, म्हणजे चार प्रकारच्या कामांत, थोडे थोडे विणून बघावे, पण आपली फांदी कोणती हे कळले, की भीती जाण्याची वाट न पाहता, पात हिरवी आहे तोवर, म्हणजे वेळ हातात असतानाच, त्या एकाच कामात पुरते तयार व्हावे.