हत्तीचा हौद आणि राजाचा शिक्का

कुसूरगडच्या हैबतराव राजांनी लाडक्या हत्तीसाठी नवा दगडी हौद बांधला, आणि हत्तीला पाणी भरणाऱ्या सगुणेच्या डोक्याला ताप झाला.

जुना हौद चाळीस घागरींत भरायचा. सकाळी सुरुवात केली की दुपारच्या टोल्याआधी सगुणा तो एकटीने भरून मोकळी व्हायची. नवा हौद मात्र राजांनी लांबीला दुप्पट, रुंदीला दुप्पट आणि उंचीलाही दुप्पट करून घेतला होता.

"हौद दुप्पट, म्हणजे पाणी दुप्पट," राजे म्हणाले. "चाळीसच्या जागी ऐंशी घागरी. शिधाही दुप्पट देऊ. आम्ही काही कंजूस नाही."

सगुणा बिचारी नवऱ्याला मदतीला घेऊन आली. दोघांनी मिळून दुपारपर्यंत मोजून ऐंशी घागरी ओतल्या. बघतात तर हौद जेमतेम पावच भरलेला. हत्तीने सोंड आत घातली, तळाशी फिरवली आणि सगुणेकडे असं पाहिलं की तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राजे भडकले. "ऐंशी घागरी म्हणे! अर्ध्या घागरी भरून आणतेस आणि आम्हाला फसवतेस?"

"सरकार, घागर काठोकाठ भरलेली होती. हौदच फार मोठा झालाय."

"दुप्पट झालाय. हिशेब आम्हाला शिकवू नकोस."

राजांच्या मागे कारभारी उभे होते. त्यांचा मेहुणा बरेच दिवस कामाच्या शोधात होता, त्यामुळे त्यांची मान जोरजोरात हलत होती.

"तीन दिवस देतो," राजे म्हणाले. "दुपारच्या टोल्याआधी ऐंशी घागरींत हौद भरला तर ठीक. नाहीतर विहिरीजवळचं घर सोड. कारभाऱ्यांचा मेहुणा येईल तिथे राहायला."

काम गेलं असतं तर सगुणेने दुसरं शोधलं असतं. पण लग्न होऊन ती याच घरात आली होती, आणि वर चोरीचा आळ. रागाने तिचे कान लाल झाले. पण राजासमोर ओरडून काय उपयोग? तिने पदर खोचला आणि गोड आवाजात विचारलं, "सरकार, म्हणजे तिन्ही अंगांनी दुप्पट केलेली वस्तू दुप्पटच धरायची ना?"

"अर्थात."

"मग तेवढं लिहून शिक्का मारून द्या. माझ्यासारखी अडाणी बाई, विसरून जाईन."

आता हैबतरावांना शिक्का मारायची कोण हौस! हत्तीच्या झुलीवरसुद्धा त्यांनी शिक्का मारला होता. त्यांनी लगेच कागद मागवला आणि लिहिलं: "जी वस्तू लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही अंगांनी दुप्पट, ती दुप्पटच मानावी. कोणी तक्रार केल्यास ऐकू नये." खाली ठप्पकन शिक्का.

सगुणा कागद घेऊन थेट सुताराकडे गेली.

तिचा रोजचा शिधा कोठीतून मिळायचा, एका लाकडी मापाने. ते माप वीतभर लांब, वीतभर रुंद आणि वीतभर उंच. सुताराकडून तिने दोन वीत लांब, दोन वीत रुंद, दोन वीत उंच अशी पेटी करून घेतली. दुसऱ्या दिवशी ती कोठी सांभाळणाऱ्या गणोबापुढे ठेवली. "राजांनी दुप्पट शिधा सांगितलाय. भरा."

गणोबाने दोन मापं तांदूळ ओतला. पेटी जेमतेम पाव भरली.

"झालं की दुप्पट," तो म्हणाला.

"पेटी कुठे भरली?" सगुणेने कागद पुढे केला.

गणोबाने शिक्का पाहिला आणि मुकाट्याने तिसरं माप घेतलं. मग चौथं, पाचवं. आठवं माप ओतलं तेव्हा पेटी काठोकाठ भरली, आणि गणोबा धावत सुटला तो थेट दरबारात.

राजे कारभाऱ्यांना घेऊन तरातरा कोठीवर आले. "सगुणे, ही लूट आहे! दोनाच्या जागी आठ?"

"पेटी तिन्ही अंगांनी दुप्पट आहे, सरकार. मोजून बघा. का गणोबांनी मापं अर्धीच भरली?"

"काठोकाठ भरली, सरकार, देवाशपथ!" गणोबा कळवळून म्हणाला.

राजांनी पेटी रिकामी करायला लावली आणि तशीच आणखी मापं मागवून स्वतः तिच्यात रचायला बसले. तळाशी चार मापं चपखल बसली. त्यांच्यावर आणखी चार. नववं मावेना, सातांत भरेना. राजांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे आमच्या हौदात जुने आठ हौद मावतात," ते हळूच म्हणाले. "तीनशे वीस घागरी."

"मी कुठे म्हणते, सरकार? ही पेटीच म्हणतेय."

"पण शिक्का मारलाय आम्ही. तो काही फिरवता येणार नाही." राजांचा चेहरा पडला. रोज आठ मापं गेली तर कोठीचं काय होणार?

"फिरवू नकाच," सगुणा म्हणाली. "या पेटीत आठ जणांचा शिधा आहे. मला सात माणसं जोडीला द्या. आठ जण, प्रत्येकाच्या चाळीस घागरी, आणि दुपारच्या टोल्याआधी हौद काठोकाठ. कारभाऱ्यांच्या मेहुण्यालाही काम मिळेल. पहिली घागर त्यालाच देते."

कारभाऱ्यांची मान आता हलायची थांबली. राजे मात्र असे खदाखदा हसले की पागोटं तांदळात पडलं.

"शाब्बास सगुणे! चोरीचा आळ आम्ही घेतला, चूक आमची. घर तुझंच, आणि या सगळ्यांची मुकादमही तूच. शिवाय बक्षीस म्हणून तुझं घर आम्ही दुप्पट करून देतो."

कारभाऱ्यांनी घाईघाईने दौत-लेखणी काढली. "दुप्पट म्हणजे नेमकं कसं लिहू, सरकार?"

राजांनी सगुणेकडे पाहिलं, हसू दाबत शिक्का उचलला आणि म्हणाले, "लिहा, तिन्ही अंगांनी!"