साळूआक्काचं घर

“आन् जीव घाबरल्यावर पैलं काय केलंसा?” साळूआक्कानं विचारलं.

“हात वर केला. होडीवाल्यांनी ओढून घेतलं.”

“त्याच्या आदी?”

डॉक्टर देवस्थळींनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं.

“आदी काय केलंसा, डाक्टर?”

“घड्याळ थांबवलं.”

आक्का हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटलं.

देवस्थळी साताऱ्याचे दातांचे डॉक्टर. लोकांच्या दाढा काढता काढता चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना ट्रायथलॉनचं वेड लागलं. आधी पोहायचं, अंगावरचं पाणी निथळायच्या आत सायकल मारायची आणि सायकल टाकून धावत सुटायचं. सायकलीत आणि धावण्यात त्यांचा हात धरणारे गावात थोडेच होते, आणि हे ते स्वतःच सांगत.

गेल्या वर्षी मात्र शर्यतीत, भर पाण्यात त्यांची छाती आवळली आणि सगळं तिथंच आटोपलं. येत्या रविवारी पुन्हा तीच शर्यत होती. याही वेळी होडीत बसून परत यावं लागलं तर हा नाद कायमचा सोडायचा, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं होतं. सांगितलं त्या रात्री त्यांना जेवण गेलं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, धरणाच्या फुगवट्यावर एक गवळी धनगराची बाई आहे, सत्तरी उलटलेली. रोज सकाळी म्हशींच्या मागून पोहत पलीकडच्या कुरणात जाते. तिला जाऊन भेटा.

म्हणून डॉक्टर आले होते. आल्या आल्या त्यांनी आपला शंभर मीटरचा वेळ सांगितला. आक्कानं तो ऐकून घेतला आणि म्हशीच्या पाठीवरची गोचीड काढली.

“पर घड्याळ कशापायी थांबवायचं?”

“सरासरी बिघडते ना. तरण तलावात काठ आला की मी जरा दम खातो. तेवढा वेळ घड्याळ बंद ठेवतो. म्हणजे आकडा चांगला दिसतो.”

“कुणाला?”

डॉक्टर शर्टाची बटणं काढायला लागले.

गेली तीन वर्षं ते पोहताना कुठंच थांबले नव्हते, निदान घड्याळात तरी. दर काठाला धरून उभे राहत होते ते कोण, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

“आन् शर्यतीत काठ नसतोय,” आक्का म्हणाली.

“नसतो.”

“चला. म्हसरं निघाली.”

तिनं लुगड्याचा काचा घट्ट खोवला आणि पाण्यात शिरली. पुढे सात म्हशी, नाकपुड्या वर काढून, सावकाश चाललेल्या. लग्न होऊन आली तेव्हा आक्काला पोहता येत नव्हतं. धरण झालं, कुरण पलीकडे राहिलं, तेव्हा म्हशीची शेपटी धरून ती शिकली. आता शेपटी लागत नव्हती.

डॉक्टरांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि सूर मारला. दहा-बारा हातांत त्यांनी म्हातारीला मागं टाकलं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. बरंच पाणी कापल्यावर मागून हाक आली.

“ओ डाक्टर! म्होरं कुटं? घर आलं!”

त्यांनी मान वर काढून मागं पाहिलं. चहूकडे पाणी होतं. अलीकडचा काठ लांब राहिला होता, पलीकडचा त्याहून लांब. आणि मधोमध आक्का थांबली होती. कशालाही न धरता.

डॉक्टर वळून तिच्यापाशी आले आणि तेही थांबले. थांबल्याबरोबर छाती आवळली. पाय खाली शोधायला लागले, खाली काही नव्हतं. हात आपोआप मनगटाकडे गेला.

“उताणा हो,” आक्का म्हणाली. अहोजाहो काठावरच राहिलं होतं. “आभाळाकडं बघ. पानी काय तुजं खात न्हाई.”

ते उताणे झाले. कानांत पाणी शिरलं, जग मुकं झालं... श्वास आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत गेला.

“ती काठावरली जांबळ बग. आन् समुरचा कडा. दोन्ही एका रेगंत आलं, की खाली आमचं दार. डाव्या हाताला गोठा. म्होरं गल्ली. चाळीस उंबरं हुतं.”

डॉक्टरांनी हलकेच मान वळवून खाली पाहिलं. हिरवं पाणी आणि त्याखाली काळोख. पण त्या काळोखात आता गल्ली होती, गोठा होता, कुणाची तरी चूल होती. आपण कुणाच्या तरी घरावर तरंगतोय हे कळल्यावर त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो भीतीचा नव्हता. देवळात गाभाऱ्याशी चुकून एकटेच उभे राहिलो तर येतो, तसा होता.

आक्कानं पाण्यावर तीनदा हात आपटला. थप... थप... थप.

“हे काय?”

“कडी वाजीवली. सासू कानानं अधू हुती. मी दूध घालून आली की दारात हुबी. म्हातारी उठायची, पदर सावरायची, मग येयाची. लई वेळ लावायची.” आक्काचा चेहरा पाण्यावर शांत होता. “तवा लई राग याचा मला.”

म्हशी पुढे निघून गेल्या होत्या. त्यांच्या मागं उठलेल्या लाटा हळूहळू विझल्या. आक्काचे हात पाण्याखाली जेमतेम हलत होते. वारा पडला. पाणी इतकं निवांत झालं, की समोरचा कडा त्यात उलटा दिसायला लागला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. डॉक्टरांच्या एकदम लक्षात आलं, की आपण थांबलोय. भर पाण्यात. ना काठ, ना दोर, ना होडी. आणि बुडत नाही आहोत. त्यांना रडू यायला लागलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

मग सवयीनं त्यांना आठवलं, घड्याळ चालूच आहे. सरासरीचं पार वाटोळं झालं असणार. उजवा हात पाण्यातून वर आला आणि डाव्या मनगटाकडे गेला.

आक्कानं तो हात मधेच धरला. तिचे डोळे खाली, त्या हिरव्या काळोखाकडे लागले होते.

“ऱ्हाऊ दे चालू,” ती हळूच म्हणाली. “दार उघडंस्तवर थांबायचं आसतंय.”