मायाप्पाचा चिमटा

माणदेशातल्या पिंपरणी गावाबाहेर चुन्याची एक जुनी घाणी होती. गोल दगडी चर, त्यात फिरणारे दगडी चाक, आणि वर चार खांबांचे छप्पर. गावातली बांधकामे संपली तशी घाणी बंद पडली. पुढे तिथे निवांत महाराज येऊन राहिले. हे नाव लोकांनी दिलेले. महाराज बोलत कमी आणि ऐकत जास्त. संध्याकाळी चराच्या काठावर बसून टाळ वाजवत भजन करीत. ऐकायला माणसे कधी दोन असत, कधी वीस. त्याने त्यांच्या आवाजात काही फरक पडत नसे.

भक्तहो, त्या घाणीतली एक हकीकत आज सांगायची आहे. ती ऐकताना मन जड होईल, पण ऐकण्यासारखी आहे.

गावात मायाप्पा नावाचा एक गृहस्थ होता. खोंड बडवणे हा त्याचा वडिलार्जित धंदा. औताला जुंपायच्या खोंडाला आधी बडवून त्याचे नरपण काढून घेतात. त्याशिवाय तो कह्यात राहत नाही. हे काम पौषात चालते, कारण थंडीत माशी नसते आणि जखम चिघळत नाही. मायाप्पाकडे बाभळीच्या दोन काठ्यांचा चिमटा होता, आजोबांच्या हातचा, वापरून वापरून काळा झालेला. त्यात नस धरून एका घावात चेचायची. त्याचा हात इतका बेताचा, की खोंड दुसऱ्या दिवशी वैरण खाई. पंचक्रोशीतून त्याला बोलावणी येत.

त्याची बायको सुंद्रा. पहिली मुलगी अंजी नीट झाली. त्यानंतरची दोन मुले पोटातच गेली. दुसऱ्या वेळी सुईणीने मायाप्पाला अंगणात नेऊन सांगितले, "हिला आता दिवस जाऊ देऊ नगंस. पुढल्या येळंला मला दोघांतलं एकबी हाती लागायचं न्हाई."

मायाप्पाने मान हलवली. वर्षभर तो वेगळा निजला. मग नाही राहवले. सुईण म्हणाली होती तसेच झाले. माघातल्या एका सकाळी सुंद्रा गेली आणि मूलही गेले. सासू हौसाबाईने तेराव्याला अंजीला कडेवर घेतले आणि उंबऱ्यातून म्हणाली, "माझी लेक तू खाल्लीस. नात देत न्हाई."

मायाप्पाने बाजूला होऊन तिला वाट दिली.

त्यानंतर तो रोज घाणीवर भजनाला येऊ लागला. पण डोळे मिटले की सुंद्रा दिसे. तो दचकून डोळे उघडी, पुन्हा मिटी, पुन्हा तीच. त्याने मनाशी ठरवून टाकले, की आपल्या अंगातली वासना अजून मेलेली नाही. जिने सुंद्राला मारले तीच आता देवाच्या दारातही पाठ सोडत नाही. दीक्षा घ्यावी, ब्रह्मचर्याचे व्रत घ्यावे, म्हणजे हे थांबेल, असे त्याला वाटू लागले.

गावात विश्वंभरबुवांचा मठ होता. बुवा बालब्रह्मचारी, विद्वान, वाणी गोड. आपल्या व्रताचा त्यांना फार अभिमान. कीर्तनात कुठलाही विषय असो, शेवटी तो तिथेच येई. पुढच्या पौषातल्या एकादशीला कीर्तन संपल्यावर मायाप्पा उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "बुवा, मला दीक्षा द्या. मन आवरत न्हाई."

बुवांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "बायको मेल्यावर सगळेच ब्रह्मचारी होतात मायाप्पा. व्रत म्हणजे काय गोठ्यातलं काम वाटलं?"

लोक हसले. हसू आले तसे बुवांना आणखी सुचले.

"आणि मन आवरत नाही म्हणतोस, तर अडचण कसली? रोज बैलांचं करतोस ते स्वतःचं कर. अवजार घरचंच आहे. मग ये, देतो दीक्षा."

मंडप हसण्याने भरून गेला. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "बुवा, असं बोलू नये." पण ते कुणाला ऐकू गेले नाही. मायाप्पा हसला नाही, रागावलाही नाही. गुरूच्या तोंडून निघालेला शब्द थट्टेचा असू शकतो, हे त्या साध्या माणसाला ठाऊकच नव्हते. त्याला तो मार्ग वाटला. एका घावात सुंद्राचे प्रायश्चित्तही होईल आणि देवाची वाटही मोकळी होईल.

त्या संध्याकाळी तो महाराजांच्या पाया पडला. म्हणाला, "महाराज, उद्या सूर्य डोक्यावर आला की माझ्यासाठी एकदा देवाचं नाव घ्या."

"कशासाठी रे?"

"एक काम हाय. अवघड हाय."

महाराजांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग स्वतःचा डावा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बरं. मी असेन."

दुसऱ्या दिवशी विश्वंभरबुवा घाणीवर आले. मठाच्या सप्ताहाचे आमंत्रण द्यायचे होते. आमंत्रण दोन वाक्यांत झाले, आणि बुवा वासनाजय या विषयावर बोलू लागले. महाराज ऐकत होते. ऊन चढत गेले. खांबांच्या सावल्या आखडून बुंध्याशी आल्या तेव्हा महाराजांनी डावा हात चराच्या दगडी काठावर ठेवला, तळवा वर करून, कुणी काही देणार असावे तसा. ओठ हलू लागले.

बुवा बोलत होते. एकदम महाराजांचे सगळे अंग थरारले. हाड मोडल्यासारखा आवाज झाला. बुवांनी पाहिले तर हाताजवळ कुणी नव्हते. दगड नव्हता, काठी नव्हती. रिकाम्या हवेत तो तळवा त्यांच्या डोळ्यांदेखत काळानिळा पडत गेला आणि सुजला. महाराजांच्या कपाळावर घाम फुटला, पण तोंडातले नाम थांबले नाही.

"महाराज, हे काय झालं?" बुवा उठून उभे राहिले.

"मायाप्पाकडचं काम होतं," महाराज म्हणाले. "पाणी द्या थोडं."

बुवांनी पाणी दिले. कालचे आपले शब्द त्यांना आठवले होते.

थोड्याच वेळात मायाप्पा धावत आला. धोतर कसेबसे गुंडाळलेले, हातात चिमटा. चराशी येऊन तो मटकन बसला.

"महाराज, मी घाव घातला. जोरात घातला. पर मला लागलं न्हाई. मधी कुणाचा तरी हात आला. ऊन ऊन हात. मला कळला." बोलता बोलता त्याची नजर महाराजांच्या तळव्याकडे गेली आणि शब्द थांबले.

विश्वंभरबुवांनी त्याच्या हातून चिमटा घेतला. खात्री केल्याशिवाय मान वाकवणारा हा माणूस नव्हता. त्यांनी दोन्ही काठ्या महाराजांच्या हाताला खालून-वरून अलगद लावल्या. एक वळ तळव्यावर होता, दुसरा हाताच्या पालथ्या बाजूला. काठ्या वळांवर तंतोतंत बसल्या. एका काठीला टोकाजवळ जुनी गाठ होती. वळातही तिथे तेवढीच खूण होती.

बुवांनी चिमटा खाली ठेवला.

महाराज मायाप्पाला म्हणाले, "भजनात तुला सुंद्रा दिसते ना? कशी दिसते?"

मायाप्पाने मान खाली घातली. "भाकरी थापताना दिसती. पिठाचा हात हाय म्हणून कपाळाचा घाम मनगटानं पुसती."

"आणखी?"

"तेवढंच. मग माझ्याकडं बघती."

"यात वासना कुठे आहे?"

मायाप्पा खाली पडलेल्या चिमट्याकडे बघू लागला. महाराजांनी विचारले, "किती खोंड बडवलेस आजवर?"

"हजाराच्या वर असतील."

"बडवलेल्या बैलाचा जोडीदार मेला, तर तो काय करतो?"

हे मायाप्पाला पाठ होते. "वैरण सोडतो जी. जोडीदाराच्या रिकाम्या दावणीकडं तोंड करून हुभा ऱ्हातो. शेलारांचा पाखऱ्या अकरा दिस तसा हुभा हुता. दुसरा बैल आणून बांधला, त्याच्याकडं बघिना."

"पाखऱ्याला कुणी बडवलं होतं?"

"मीच."

"मग तुझ्या चिमट्यानं त्याचं ते का नाही गेलं?"

मायाप्पा पाखऱ्यासारखाच बघत राहिला. मग त्याच्या घशातून आवाज फुटला. सुंद्रा गेल्याला वर्ष होत आले होते, आणि तो पहिल्यांदा रडत होता. महाराजांनी उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि रडू दिले.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पर महाराज, ती माझ्यापायीच गेली."

"हो," महाराज म्हणाले. "नाही असं मी म्हणणार नाही. सुईणीचं ऐकायला हवं होतंस. पण अंग तोडून ते फिटत नाही मायाप्पा. ते घेऊनच चालावं लागतं. अंजीची वेणी कोण घालतं?"

"तिची आजी."

"म्हातारीचे हात दुखत असतील. जा. दारातून हाकलेल, तर दारात बस."

मायाप्पा उठला आणि गेला. हौसाबाईने त्याला खरेच हाकलले. तो अंगणात बसून राहिला. असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी तिने बोलल्यावाचून फणी आणून त्याच्यासमोर ठेवली आणि अंजीला पुढे ढकलले. सुंद्रा त्याला भजनात शेवटपर्यंत दिसत राहिली, पण मग तो डोळे उघडत नसे.

इकडे घाणीत विश्वंभरबुवा उभेच होते. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, चराच्या धुळीत गुडघे टेकले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"तो घाव माझ्या जिभेचा होता," बुवा म्हणाले. "त्याच्या हाताचा नव्हता. मी आयुष्यभर स्वतःला जपलं, आणि समोरचं माणूस आतून रडतंय एवढंही मला ओळखू आलं नाही."

"आता आलं ना?" महाराज म्हणाले.

महाराजांचा डावा हात पुन्हा कधी नीट झाला नाही. बोटे मिटत नसत, त्यामुळे टाळ धरता येईना. संध्याकाळ झाली, भजनाची वेळ झाली. महाराजांनी उजव्या हातात एक टाळ घेतला. दुसरा चराच्या काठावर तसाच पडून होता. बुवा अजून गेले नव्हते. ते महाराजांच्या डाव्या बाजूला येऊन बसले, तो टाळ उचलला आणि पुढे धरला.

दोन माणसांच्या हातातले टाळ एकमेकांवर नीट पडत नाहीत. ठेका चुकला. महाराज थांबले, बुवांनी हात थोडा खाली घेतला, आणि पुन्हा सुरुवात झाली. महाराज देह ठेवीपर्यंत, नऊ वर्षे, बुवांची जागा तीच होती.