हसुराम तांडेलाची खिडकी

बंदरावरचा साठ मजली मनोरा पाहायला येणारे हमखास विचारतात, चौथ्या मजल्यावर हे आरपार भोक कशाला? खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर घरं, जागेला सोन्याचा भाव, आणि तेवढंच मोकळं. कोळीवाड्यातली जुनी माणसं त्याला हसुरामची खिडकी म्हणतात.

मनोरा तेव्हा कागदावरच होता म्हणे. हसुराम हा वाड्यातला सर्वांत जुना तांडेल, सुकाणू धरणारा. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे. धक्क्यावरचा पांढरा खांब आणि मागच्या टेकडीवरची दीपमाळ एका रेषेत आली की होडी आत घालायची, ही इथली रीत. हसुरामने नकाशा पाहिला. मनोरा नेमका त्या दोहोंच्या मध्ये येत होता.

सभेत बाकीच्यांनी गाळे मागितले, नोकऱ्या मागितल्या. हसुरामने दीपमाळ मागितली. लोक हसले. नकाशा काढणारे देवस्थळी तसे भले गृहस्थ. म्हणाले, "काका, समुद्र एवढा मोठा, वाट सापडेल की!"

मग हसुरामने मनोऱ्याच्या जागेवर उंच बांबू रोवून जुनी शिडं ताणली आणि देवस्थळींना होडीतून समुद्रात नेलं. पुतण्याला दुसरी होडी घेऊन मागोमाग यायला सांगितलं. परतताना पाहतात तो दीपमाळ शिडांआड गडप.

"सायेब, आता तुमीच सांगा, होरी कुठशी काढू?"

देवस्थळींनी समोरच्या शांत पाण्याकडे बोट दाखवलं.

हसुरामला त्या खडकाचा इंच न् इंच ठाऊक होता. होडी त्याने बापाबरोबर बांधलेली, आणि दुसरी बांधायचं त्याचं वय उरलं नव्हतं. पण देवस्थळींनी बोट दाखवलं तिकडेच त्याने होडी घातली.

तळ फाटला. दोघांना पुतण्याने उचललं. देवस्थळी ओल्या कपड्यांनिशी धक्क्यावर बसून रडले म्हणे. खरंखोटं दर्या जाणे. पुढे नवा नकाशा आला, त्यात चौथा मजला कोरा होता.

हसुराम पुन्हा समुद्रावर गेला नाही. धक्क्यावर जाळी विणत, येणाऱ्या होड्या बघत बसायचा.

आजही त्या खिडकीत कुणाला साधी खुर्ची ठेवू देत नाहीत. होड्या तिच्यातून दीपमाळ बघूनच आत येतात. मोठ्या ओहोटीला खडकावर हसुरामच्या होडीचा कणा उघडा पडतो. नव्या तांडेलाला आधी तो दाखवतात, मगच सुकाणू त्याच्या हाती देतात.