कोकिलाबेनची वाटी

"म्हणजे एकही चूक सापडली नाही ना, बाई?"

हेरंबनं विचारलं आणि उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा खुर्चीत मागे रेलला.

ताराबाई मोहित्यांच्या मांडीवर त्याची चारशे पानं होती. एका गुजराती कादंबरीचं मराठी. दोन वर्षं बिनपगारी रजा काढून केलेलं. मूळ लेखिका भरूचची, ऐंशीच्या घरातली. तिनं साफ कळवलं होतं, बडोद्याच्या ताराबाई हो म्हणाल्या तर छापा, नाहीतर राहू द्या. म्हणून तर स्वारी पुण्याहून बाईंच्या दारात येऊन थडकली होती.

"चूक नाही," बाई म्हणाल्या. "एकही नाही."

"एक वाक्प्रचार सोडला नाही मी. शब्दाला शब्द! कळणार नाही वाटलं तिथे खाली टीप. दोनशे सतरा टिपा आहेत."

"अगंबाई."

बाईंनी मधलंच एक पान काढून पुढे केलं. "हे वाच. मोठ्यानं."

हेरंबनं घसा खाकरला. "'आई, माझ्या पोटात मांजरं बोलतायत,' पोर म्हणाली."

"आणि खाली?"

"'गुजरातीत भूक लागली की पोटात मांजरं बोलतात.'"

"पोर दोन दिवसांची उपाशी... आणि वाचणारा तिला तशीच सोडून तळाशी गेला."

हेरंबचे कान तापले. "मग काय, कावळे ओरडू देऊ? बाई, लेखिकेनं मांजर लिहिलंय. तिचं मांजर हाकलून मी आपला कावळा बसवायचा? ही बेइमानी झाली."

बाईंनी खिडकीतल्या स्टीलच्या वाटीकडे बोट केलं.

"तेवढी वाटी समोर कोकिलाबेनकडे देऊन ये. सकाळी कैरीचा छुंदा दिला होता तिनं. बरणीत काढून ठेवलाय मी."

आता ज्याचा निकाल लागायचाय त्याला वाटी पोचवायला पाठवणं... पण गेला बिचारा. जाण्याआधी वाटी घासली, पुसली. तोंड दिसेल इतकी लख्ख केली. समोरचं दार वाजवलं, वाटी हातात दिली, "बाईंनी पाठवलीय," म्हणाला आणि येऊन बसला.

मिनिट गेलं नसेल.

कोकिलाबेन धावतच आत आल्या. हाताला कणीक, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. वाटी छातीशी धरलेली.

"ताराबेन! शुं थयुं? तबियत तर ठीक छे ने?"

"अगं, मला काय धाड भरलीय! बस आधी."

"हा भाई खाली... रिकामी वाटी घेऊन आला! माझा तर जीवच गेला..."

"पाहुणा आहे गं. त्याला ठाऊक नाही."

कोकिलाबेननी कणकेच्या हातानंच बाईंचा दंड चाचपला. बाई धडधाकट आहेत हे पटलं तेव्हा कुठे हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "भगवाननी मेहरबानी!" मग हेरंबकडे वळल्या. "काय रे भाई, तुमच्या पुण्यात शेजारी नसतात का?"

वाटी तिथेच ठेवून त्या गेल्या. तव्यावर पोळी होती.

हेरंब ओशाळून म्हणाला, "पण मी तर... होती तशीच दिली, बाई. स्वच्छ करून."

"हो. चूक नाही तुझी. एकही नाही."

बाईंनी वाटी जवळ ओढली.

"चाळीस वर्षं ही वाटी या दोन दारांत हिंडतेय," बाई हळूच म्हणाल्या. "रिकामी एकदाच गेली होती. आमचे हे गेले, त्या दिवशी."

हेरंब उठला, फळीवरची छुंद्याची बरणी उघडली.

"तिचंच तिला?" बाईंनी विचारलं.

हात थांबला. शेजारच्या बरणीकडे गेला. "हा काय आहे?"

"मेथांबा. तोही कैरीचाच."

त्यानं बरणी खाली ठेवली आणि आधी ते पान ओढलं. पेन्सिल घेतली. तळाची टीप खोडली. मांजरांपाशी पेन्सिल अडली... तिथेच थोडा वेळ राहिली.

"बाई, अजून सहा महिने लागतील."

"लागू देत."

तो वाकला. बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं ते लवकर उचललंच नाही. पुण्याहून निघताना घडी घालून आणलेला ताठा कुठे गळून पडला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"हो म्हणाला नाहीत ते... फार बरं केलंत, बाई."

बाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. "ऊठ. ती वाट बघत असेल."

हेरंब उठला तो निराळ्याच उत्साहात. कपाटातला काचेचा नक्षीदार बाऊल काढला, शिगोशीग मेथांबा भरला, कड निपटली. "हा नेऊ? त्या वाटीला किती पोचे पडलेत बघा."

बाईंनी ती पोचे पडलेली वाटी हातात घेतली. काठाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. त्यांवरून त्यांनी पदर फिरवला आणि वाटी त्याच्यापुढे धरली.

"मेथांबा आपला असू दे. वाटी तिचीच ने, हेरंब. नाव आहे तिच्यावर."