भालचंद्र पंप आणतो

समुद्राकाठच्या एका गावात एक भोळा नवरा राहत होता. भालचंद्र त्याचं नाव. सांगितलेलं सगळं तो करायचा, अगदी सांगितलं तसंच. गावाला त्याच्या भोळेपणाचं फार कौतुक. निस्तरायला बायको होती, त्यामुळे कौतुक करायला गावाचं काही जात नव्हतं.

बायकोचं नाव शलाका. लग्नाला दोन महिने झाले होते. माहेराहून तिने एक काचेची टाकी आणली होती. हातभर लांब. आत खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि एक जिवंत प्रवाळ. ते नखाएवढं होतं तेव्हापासून तिने तीन वर्षं वाढवलेलं. आता मुठीएवढं झालं होतं. टाकीतला पंप पाणी सतत फिरवत ठेवायचा. पाणी थांबलं की प्रवाळ मिटतं, आणि मिटून राहिलं की जातं.

रविवारी सकाळी पंप जळाला. मंगळवारी शलाकाची पहिली मंगळागौर. चाळीस बायका यायच्या होत्या, घरात तळण निघालं होतं, सासूबाई तिला उंबऱ्याबाहेर सोडेनात. तिने भालचंद्रला तालुक्याला पाठवलं. म्हणाली, पाणी चांगलं जोरात फिरवणारा पंप आणा.

"एवढंच ना?" भालचंद्र म्हणाला.

आणि आणला. विहिरीवर बसवतात तो. टेम्पोतून. बटण दाबलं तेव्हा टाकीतलं निम्मं पाणी समोरच्या भिंतीवर गेलं आणि एक मासा साटोऱ्यांच्या परातीत. शलाकाने मासा परत टाकीत सोडला, मीठ कालवून पाणी भरलं आणि समजावून सांगितलं की लहान टाकीला एक मोठा नको. छोटे दोन घ्यायचे, दोन बाजूंना एकेक.

"एवढंच ना? आता नाही चुकणार."

सोमवारी तो निघाला तेव्हा आईने मसालेभातासाठी मोठं पातेलं आणायला सांगितलं. चाळीस माणसांचं. भालचंद्रने दूध तापवायची दोन छोटी पातेली आणली आणि स्वयंपाकघराच्या दोन कोपऱ्यांत एकेक ठेवली. पंप नव्हता. दोन्ही हातांत पातेली होती, पंप कशात धरणार?

सासूबाई शलाकाला म्हणाल्या, "तो भोळा आहे गं. तूच काहीतरी उलटं शिकवलं असशील."

शलाका तेव्हा टाकीतलं पाणी पळीने ढवळत होती. दर दहा मिनिटांनी तळण सोडून यायची आणि ढवळायची. ढवळता ढवळताच तिने सांगितलं, की पंप तोंड वळवता येईल असा बघा. झोत प्रवाळावर थेट सोडायचा नसतो. काचेवर सोडायचा. तिथे आपटून तो मऊ होऊन येतो. नाजूक जीव असतो तो.

"एवढंच ना?"

त्याच संध्याकाळी तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर त्याला वामनकाका भेटले. शलाकाचे काका, मंगळागौरीसाठी मुद्दाम आलेले. प्रकृतीने नाजूक. भालचंद्रने लगेच त्यांच्याकडे पाठ केली आणि स्टँडच्या भिंतीला विचारलं, प्रवास कसा झाला? मग भिंतीला चहा घेणार का विचारलं. शलाका तुमची फार आठवण काढते, असंही भिंतीला सांगितलं. काकांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग जावयाला आपण नको आहोत असं समजून ते परतीच्या गाडीत बसले. भालचंद्रचं बोलणं संपलं तोवर दुकानही बंद झालं होतं.

मंगळवारी सकाळी प्रवाळ सुपारीएवढं झालं. भालचंद्र पुन्हा गेला. दुकानदार शहाणा होता. त्याने तोंड वळणारे दोन छोटे पंप समोर ठेवले आणि वर सांगितलं, की मिटलेल्या प्रवाळाला हात लावू नका, उजेड कमी करा, खारं पाणी कमी पडू देऊ नका. आपोआप उमलेल.

हे विसरू नये म्हणून भालचंद्र पुटपुटत, धावत घरी आला. पंप काउंटरवर राहिले.

शलाकाने त्याचे रिकामे हात पाहिले. ती आतल्या खोलीत गेली, पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली.

भालचंद्रने दारातून नीट पाहिलं. मिटली होती.

त्याने पडदा ओढला, दिवा बंद केला, दाराला बाहेरून कडी घातली आणि खाऱ्या पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी बसला. थोड्या थोड्या वेळाने दाराच्या फटीतून पाणी शिंपडत राहिला. बायका जमल्या. नवी सून कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. तो कुणाला कडीला हात लावू देईना.

"किती जपतो बघा," सासूबाई म्हणाल्या.

खोलीला मागच्या बाजूला आणखी एक दार होतं. ते लावायला दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

शलाका त्या दाराने बाहेर पडली, भालचंद्रची स्कूटर काढली, तासाभरात तालुक्याहून दोन्ही पंप घेऊन आली. एक उजवीकडे बसवला, एक डावीकडे, दोन्हींची तोंडं काचेकडे. पाणी हललं. बऱ्याच वेळाने प्रवाळाचं एक टोक उघडलं. मग दुसरं. बायका फुगडी सोडून टाकीभोवती बसल्या.

मग ती कडी घातलेल्या दाराशी गेली. भालचंद्र अजून उंबऱ्याशीच होता, तांब्या जवळजवळ रिकामा. त्याच्या शेजारी उभी राहून ती म्हणाली, पंप लागले, प्रवाळ वाचलं, आता जेवायला चला.

भालचंद्रने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "आत शलाका आहे. अजून उमलली नाहीये."