पहिलं पाणी शेपटाला

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कोणता राजा होता असं विचारलंत तर सांगता येणार नाही, आणि राजाचा या गोष्टीशी काही संबंधही नाही. मुलांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण यात जे झालं ते सगळं मोठ्यांनीच केलं.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. वाडवडिलांनी तिथल्या नदीत दगडांचा बंधारा घातला होता आणि त्यातून एक पाट काढला होता. पाट शेताशेतांतून उतरत जायचा. बंधाऱ्याजवळच्या शेताला गाव 'तोंड' म्हणायचं आणि पाट जिथे संपायचा त्याला 'शेपूट'. तोंडाचं शेत पाटलाचं होतं. शेपटाला चार गरीब घरं होती.

आता तुम्हाला वाटेल, पाणी आधी तोंडालाच मिळत असणार. तसं नव्हतं. त्या गावात पहिलं पाणी शेपटाला जायचं. शेपटाचं शेत भिजलं की तिथली माणसं ओल्या गवताचा धूर करायची. बंधाऱ्यावरून तो धूर दिसला की त्याच्या वरच्या शेताचं दार उघडायचं, मग त्याच्याही वरच्याचं. पाटलाची पाळी सगळ्यात शेवटी. यामुळे व्हायचं काय, की पाटात कुठे गाळ साचला तर झोप उडायची पाटलाची! शेपूट भिजल्याशिवाय त्याला थेंब मिळत नव्हता ना. म्हणून तोंडाची माणसंही फावडी घेऊन थेट शेपटापर्यंत पाट साफ करायला जायची. वाडवडील काही साधुसंत नव्हते. माणूस किती स्वार्थी असतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी ही रीत घातली होती.

पाटाची दारं उघडणाऱ्याला पाटकरी म्हणत. त्या गावचा पाटकरी बायको गेल्यापासून एकटाच बंधाऱ्याजवळच्या खोपटात राहायचा. त्याची एकुलती एक लेक येसू शेपटाच्या घरात दिली होती. लांबवर धूर दिसला की तो स्वतःशीच हसायचा. म्हणायचा, "माझ्या येसूचं रान भिजलं." आणि मग पुढचं दार उघडायला उठायचा.

असं किती पिढ्या चाललं होतं. मग थोरले पाटील गेले आणि त्यांच्या मुलाच्या हाती पाटीलकी आली. या नव्या पाटलाने बाजारात गुळाचा भाव ऐकला आणि त्याचे डोळे फिरले. ज्वारी-हरभऱ्याचं सोन्यासारखं रान मोडून त्याने ऊस लावला. उसाची तहान काय विचारता! बारा महिने पाणी पाजा, तरी त्याचं तोंड उघडंच. गुळाच्या कढईखाली जाळायला लाकूड हवं, म्हणून नदीकाठची उंबरं, करंज, जांभळी एकामागून एक पडली. त्याच झाडांच्या मुळांनी काठ धरून ठेवला होता आणि काठाने बंधारा. पाटलाला कुणी सांगायला गेलं, तर तो म्हणायचा, "झाडं काय, पुन्हा उगवतील." हाव सुटलेल्या माणसाला सगळं पुन्हा उगवणारंच वाटतं.

तरी शेवटची पाळी काही चुकेना. ऊस पिवळा पडू लागला तेव्हा पाटील स्वतः चालत पाटकऱ्याच्या खोपटाशी आला. पाटील कुणाच्या दारी आपणहून आला की समजावं, काहीतरी न्यायलाच आलाय.

"काय पाटकरीबुवा, आवंदा धुराची वाट बघू नका," पाटील म्हणाला. "दार आमच्या रानाचं आधी उघडा."

पाटकरी चपापला. "पर पाटील, पहिलं पानी शेपटाचं. ही तर रीतच हाय."

"रीत पोट भरती व्हय? ही नदीकडंची पट्टी बघा. आजपासनं तुमची. उभा जन्म दुसऱ्याची रानं भिजवली, आता सोताचं भिजवा."

पाटकऱ्याने त्या पट्टीकडे पाहिलं. काळीभोर माती, बंधाऱ्याला खेटून. जन्मभर लोकांच्या खळ्यावरून मूठमूठ धान्य गोळा करणाऱ्या माणसाला स्वतःची जमीन! त्याने मनाला समजावलं, मी कुठे स्वतःसाठी घेतोय? पुढे येसूलाच देईन की. एक पाळी मागेपुढे झाली म्हणून काय बिघडतंय?

बघा, पोरांनो, माणूस स्वतःला कसा फसवतो ते! लेकीचं रान वाळवायचं आणि म्हणायचं, लेकीसाठीच करतोय.

पाण्याचा दिवस आला. पाटकऱ्याने पाटलाचं दार उघडलं आणि खालचा पाट दगड-मातीने बंद केला. उसात पाणी शिरलं, तुंबलं, वाहून परत नदीला मिळालं. खाली शेपटाला पाट कोरडाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू कोरड्या पाटातून वर आली आणि उसाला वळसा घालून नदीकाठच्या वाटेने बंधाऱ्यापाशी पोचली. खांद्यावर फावडं, पदर कमरेला खोचलेला.

"आबा, पानी आलं न्हाई. मिरची माना टाकाया लागली. पाट कुटं फुटलाय का?"

बापाने पाणी वळवलं असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. ती फूट शोधायला निघाली होती, बापाला मदत करायला. खरं सांगायची वेळ हीच होती. पण तो म्हणाला, "व्हय... फुटलाय जनू कुटंतरी. बघ खाली."

आणि ती गेली! दिवसभर उन्हात पाटाची कड चाचपत हिंडली. उंदरांची बिळं बुजवली, खेकड्यांची भोकं बुजवली. जिथे काहीच मोडलं नव्हतं तिथे माती थापत बसली. दिवस कलताना ती पुन्हा वर आली ती पाटलाच्या उसाच्या बाजूने, आणि तिने उघडं दार पाहिलं. पाट बंद करायला रचलेले दगडही पाहिले. ते दगड कुणाच्या हातचे, हे तिला सांगायला नको होतं. लहानपणी याच हातांनी दगड कसे बसवायचे ते तिला शिकवलं होतं.

ती बापासमोर येऊन उभी राहिली. "फुटला न्हाई, आबा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

कुंपणानेच शेत खाल्लं, तर दाद मागायची कुणाकडे?

आणि गाव? गावाने काय केलं? मधल्या शेतांच्या मालकांना सगळं दिसत होतं. पण पाटलाचं भिजलं की पाणी खाली आपल्याकडेच सुटणार आणि शेपूट वगळलं म्हणजे आपली पाळी लवकर येणार, असा हिशेब प्रत्येकाने मनात केला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. येसूचा नवरा गावासमोर हात जोडून उभा राहिला, तेव्हा एकजण म्हणाला, "बघू की पुढल्या पाळीला." दुसरा म्हणाला, "पाटलाशी कोन भांडनार?" तिसरा तर हसला. राग येतो ना ऐकून? यायलाच हवा. पाटील हावरट होता हे खरं, पण एकट्या पाटलाच्या हावेने गाव मरत नाही. बाकीच्यांच्या मुकेपणाची जोड लागते.

मिरची जळाली. शेपटाची चारही घरं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन परगावी गेली. जाताना येसू बंधाऱ्याकडे वळलीसुद्धा नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. शेपूट ओसाड पडल्यावर त्याच्या वरचं शेत शेपूट झालं, आणि आता त्याचं पाणी तुटलं. काल हसलेला माणूस आज पाटलाच्या दारात उभा राहून रडू लागला. पण त्याच्या वरचे आता गप्प होते. एकेक घर उठत गेलं. पाट गाळाने भरला. तो साफ करायला पाटील कशाला जाईल? त्याला पाणी पहिलंच मिळत होतं.

पुढच्या पावसाळ्यात नदीला पूर आला. उघड्याबोडक्या काठाची माती ढेकळाढेकळाने पाण्यात पडू लागली, आणि बंधाऱ्याचा कडेचा दगड हलला. पाटकऱ्याने शिंग फुंकलं. शिंग वाजलं की साऱ्या गावाने टोपल्या आणि दगड घेऊन धावत यायचं, असा रिवाज होता. पूर्वी सगळ्यात आधी शेपटाची माणसं पोचायची, सगळ्यात लांबून येऊनही. बंधारा गेला तर पहिलं पाणी आपलंच जाणार, हे ती जाणून होती.

पाटकरी फुंकत राहिला. गाल दुखेपर्यंत फुंकत राहिला. चार-पाच म्हातारे आले, ते काठावर उभे राहून बघत बसले. मग पाटील धावत आला, अंगावरचा पंचाही सावरायचं भान नसलेला.

"आरं, मानसं कुटं हाईत? बोलवा की समद्यांना! बंधारा समद्या गावाचा हाय!"

पाटकऱ्याने शिंग खाली ठेवलं. "आज समद्या गावाचा झाला व्हय, पाटील? मानसं कुटनं आनू? तुमी आन मी मिळून घालवली त्यांना."

बंधारा फुटला. नदीने मोकळ्या काठातून नवी वाट काढली, ती थेट उसातून. ऊस गेला, गूळ गेला, आणि पाटकऱ्याला मिळालेली ती काळीभोर पट्टी तर दुपारपर्यंतही टिकली नाही. पूर ओसरला तेव्हा तोंडाच्या शेतात नुसते गोटे उरले होते, आणि नदी गावाला पाठ दाखवून भलतीकडूनच वाहत होती.

पाटकरी लेकीला शोधत निघाला. परगावी, दुसऱ्याच्या बांधावर गवत कापताना ती त्याला सापडली. तिने विळा खाली ठेवला, त्याला सावलीत बसवलं, आपल्या फडक्यातली भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. भाकरी बघून म्हातारा ढसाढसा रडला.

"माजं चुकलं, येसू. घरी चल. आपन पुन्यांदा बंधारा घालू."

येसूने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाली, "आबा, पानी कमी हाय असं म्हनला असता, तर तुमच्यासाटी एक साल मी मिरची वाळू दिली असती. पर तुमी म्हनला पाट फुटलाय. मी दिसभर त्यो बुजवत हिंडले. आता तुमी दगड रचलं तरी मला त्येच्या मागं पानी दिसनार न्हाई."

तिने त्याला पोटभर जेवू घातलं, त्या दिवशी आणि तो जगला तितके दिवस. पण त्या गावात ती परत गेली नाही. कुणीच गेलं नाही. आज तिथे बाभळी आहेत, आणि नदीतला एकही दगड दुसऱ्यावर उभा नाही.

म्हणून लक्षात ठेवा: जिथे शेवटच्या माणसाचा वाटा हिसकावला जातो, तिथे पहिल्या माणसालाही शेवटी काही उरत नाही.